‘समजते’ खोडा, तासिका मोजा : सामाजिक शास्त्राच्या मसुद्यावर कामाचा अभिप्राय कसा लिहावा

राज्याचा अभ्यासक्रम बदलायचा असला की मसुदा संकेतस्थळावर येतो, अभिप्रायाला ठरावीक मुदत मिळते आणि त्यातले अर्धे दिवस ‘मसुदा कुठे आहे’ हे विचारण्यात जातात. उरलेल्या दिवसांत ‘आमच्या भागाचा इतिहास वगळला’ अशी एकेका ओळीची पत्रे जातात. मसुदा दुरुस्त करणाऱ्याला अशा पत्रावर काहीच करता येत नाही. कोणत्या पानावर, कोणत्या इयत्तेत, कोणत्या शब्दांऐवजी कोणते शब्द, हे त्यात नसते. नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या केंद्राने (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या समूहाने), शाळेने किंवा चार शिक्षकांच्या गटाने बसून अभिप्राय लिहायचा असेल तर तो कसा लिहावा, हे इथे क्रमाने दिले आहे. पुढची उदाहरणे इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि परिसर अभ्यासातली आहेत.

आधी हातातला कागद ओळखा

बोलताना सगळेच ‘सिलॅबस’ म्हणतात, पण कागद चार आहेत. आराखड्यात विषयाची ध्येये, टप्पे आणि वेळेची वाटणी असते. अभ्यासक्रमात इयत्तावार क्षमता, अध्ययन निष्पत्ती (मुलाला काय करता आले पाहिजे हे सांगणारी वाक्ये) आणि घटक येतात. पाठ्यपुस्तक बालभारती काढते. दहावीचा गुणविभागणीचा कागद राज्य मंडळाचा असतो. धड्यातले चित्र चुकले असेल तर ती तक्रार बालभारतीकडे जाते. ती अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर लिहिली तर वाचणारा बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २९ प्रमाणे पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत ‘शैक्षणिक प्राधिकरण’ ठरवते. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. तोंडी सगळे ‘एससीईआरटी’ म्हणतात. कलम २९(२) जवळ ठेवा. संविधानातल्या मूल्यांशी सुसंगती, मुलाचा सर्वांगीण विकास, कृतीतून व शोधातून शिकणे, मुलाला भीतीपासून मुक्त ठेवणे, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवणे हे निकष त्यात आहेत. ‘आम्हाला हे आवडले नाही’ या वाक्याला वजन नसते. ‘हे कलम २९(२) मधल्या अमुक निकषाशी जुळत नाही’ या वाक्याची नोंद घ्यावी लागते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालचे, शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ चा. राज्याचे कागद त्याच साच्यात येतात : वर ध्येय, त्याखाली क्षमता, तिच्याखाली निष्पत्ती. ध्येय वर्षानुवर्षांचे असते आणि क्षमता एका टप्प्याची. निष्पत्ती त्या इयत्तेत वर्गात बसून तपासता येईल एवढी असावी लागते. केंद्र पातळीवरच्या गटाने आपला नव्वद टक्के वेळ निष्पत्तींवर घालवावा. ध्येयांची भाषा बहुधा निर्दोष असते, कारण तिच्याशी कोणाचे वाकडे नसते.

बसायचे कोणी

सात ते नऊ माणसे पुरेत. पंधरा झाली की सभा होते, काम होत नाही. तिसरी ते पाचवीला शिकवणारे दोघे, सहावी ते आठवीचे इतिहासाचे एक आणि भूगोलाचे एक, नववी-दहावीचे एक अशी सुरुवात करा. नाशिकसारख्या जिल्ह्यात यात आणखी दोन माणसांची भर घालावीच लागते. एक आश्रमशाळेतले, म्हणजे पेठ, सुरगाणा, कळवणकडचे, आणि एक मालेगावच्या उर्दू माध्यमातले. ‘मूल आपल्या गावच्या बाजाराला भेट देते’ हे वाक्य निफाडला सहज खपते. पाड्यावरून आठवडी बाजाराला जायला अर्धा दिवस लागतो, हे सांगणारे कोणी समोर नसले तर ते वाक्य तसेच पुढे जाते. शाळा व्यवस्थापन समितीतले एक पालकही घ्या. त्यांचे काम एकच : प्रत्येक वाक्य ऐकून ‘म्हणजे पोराने नेमके करायचे काय?’ असे विचारणे. या प्रश्नापुढे निम्मी वाक्ये टिकत नाहीत.

केंद्राची मासिक शिक्षण परिषद ही बसायला सोयीची जागा आहे. पण परिषदेत चर्चा होते, लिहून होत नाही. लेखनाला वेगळे दोन शनिवार ठेवा, आणि टंकलेखन करणारा माणूस पहिल्याच दिवशी ठरवा.

तक्ता

मसुद्याची पीडीएफ उघडली की लगेच छापायला टाकू नका. सामाजिक शास्त्राचा भाग वेगळा काढा आणि फक्त निष्पत्ती एका तक्त्यात उतरवा. रकाने असे : पान क्रमांक, निष्पत्तीचा क्रमांक, इयत्ता, मूळ वाक्य, क्रियापद, आशय, लागणाऱ्या तासिका, तपासायचे कसे, शेरा. पीडीएफमधला देवनागरी मजकूर चिकटवताना जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. तो उसना मजकूर दुरुस्त करत बसण्यापेक्षा वाक्य हातानेच टाइप करा. टाइप करता करता वाक्य खरोखर वाचलेही जाते. जुन्या संगणकावरचे युनिकोड नसलेले टंक टाळा, नाहीतर संकेतस्थळाच्या फॉर्ममध्ये चिकटवल्यावर अक्षरांऐवजी चिन्हांची रांगोळी दिसते.

मसुदा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असेल तर दोन्ही उघडे ठेवा. भाषांतरात ‘तुलना करतो’चे ‘माहिती सांगतो’ होऊन बसते, कधी क्रमांकही सरकतात. अशा जागी दोन्ही आवृत्त्यांचे पान लिहून ‘कोणती आवृत्ती ग्राह्य?’ एवढेच विचारा.

तासिकांचा हिशेब

बहुतेक अभिप्राय इथेच कोसळतात. सगळे जोडायला सांगतात, काढायला कोणीच सांगत नाही.

सहावी ते आठवीसाठी कायद्याने किमान २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापनाचे तास सांगितले आहेत. पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस आणि ८०० तास. सहा दिवसांच्या आठवड्याने २२० दिवसांचे साधारण ३६ आठवडे होतात. इतिहास-नागरिकशास्त्राला आठवड्याला तीन तासिका धरल्या तर कागदावर १०८ मिळतात. आता वजाबाकी करा. दोन सत्रांच्या परीक्षांचे सोळा दिवस म्हणजे आठ तासिका. क्रीडा, स्नेहसंमेलन, सहल यांच्या तीन. प्रशिक्षण, सर्वेक्षण, निवडणुकीचे काम यांच्या किमान चार. राहिल्या ९३. उजळणी आणि मागे पडलेल्या मुलांसाठी आणखी आठ-नऊ सोडल्या की हातात ८५ च्या आसपास उरतात. हे नमुन्याचे आकडे आहेत. आपल्या शाळेच्या वेळापत्रकातून आपले काढा आणि अभिप्रायाला जोडा.

मसुद्यात त्या इयत्तेला ३० निष्पत्ती असतील तर प्रत्येकीला तीनसुद्धा तासिका येत नाहीत. ‘नावे सांगतो’ला एक तासिका पुरते. ‘दोन साधनांची तुलना करून मत मांडतो’ला चार लागतात, आणि त्यातली एक मुलांची वाक्ये ऐकण्यात जाते. तक्त्यातल्या तासिकांच्या रकान्याची बेरीज ८५ ऐवजी १३० आली तर तो तुमच्या अभिप्रायाचा सर्वांत भक्कम मुद्दा झाला. मग नियम एक : नवी निष्पत्ती सुचवायची असेल तर कोणती काढायची किंवा कोणत्या दोन एकत्र करायच्या, हे त्याच ओळीत लिहायचे. न लिहिल्यास काय होते हे जुन्या पुस्तकांत दिसते. सगळ्यांची नावे येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दीड ओळ.

क्रियापद

तक्त्यातला क्रियापदांचा रकाना वरून खाली एका दमात वाचा. ‘समजते’, ‘जाणीव होते’, ‘महत्त्व पटते’, ‘अभिमान वाटतो’, ‘आदर बाळगतो’ ही क्रियापदे लाल करा. ती वाईट नाहीत, पण त्यांची जागा ध्येयात आहे. अभिमान किती वाटला हे आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या नोंदवहीत कसे लिहिणार? शिक्षक मग ‘अभिमान का वाटतो? चार ओळी लिहा’ असा प्रश्न काढतात आणि मुले चार ओळी पाठ करतात.

त्यांच्या जागी काय? ‘ओळखतो, क्रम लावतो, नकाशावर दाखवतो, साधनातला पुरावा दाखवून सांगतो, दोन बाजू मांडतो, कारण आणि परिणाम वेगळे करतो’ अशी क्रियापदे. दोन क्रियापदे एका वाक्यात कोंबू नका. ‘माहिती गोळा करतो व विश्लेषण करून सादरीकरण करतो’ या निष्पत्तीत मूल माहिती गोळा करून थांबले तर निष्पत्ती साधली की नाही, यावर दोन शिक्षकांचे एकमत होत नाही.

‘करतो’ की ‘करते’ हा वाद मसुद्याच्या टेबलावर हमखास निघतो. ‘विद्यार्थी … करतात’ असे अनेकवचन वापरले की मिटतो. पुढे जावे.

उभी फेरी, आडवी फेरी

उभी फेरी म्हणजे एकच धागा तिसरीपासून दहावीपर्यंत ओढून पाहणे. ‘नकाशा’ हा शब्द घ्या आणि प्रत्येक इयत्तेत त्याचे काय होते ते लिहा. तिसरीत शाळेचा आराखडा, पाचवीत दिशा व खुणा, सहावीत अक्षांश-रेखांश, असा चढ दिसला पाहिजे. तीन इयत्ता ‘नकाशा वाचतो’ हेच वाक्य आले तर चढ नाही, सपाटी आहे. मधली एखादी पायरी गाळली असेल तर ती मोठी चूक. तिचे बिल पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाला भरावे लागते.

स्थानिक आशयाचीही अशीच उभी फेरी घ्या. २०१४ च्या मालिकेत तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हानिहाय होते. तिथे नाशिक जिल्हा भरपूर भेटतो, पुढे मात्र उल्लेखापुरता उरतो. नव्या मसुद्यात जिल्हा तिसरीतच संपतो की सहावी-सातवीत पुन्हा साधन म्हणून येतो, हे पाहा.

आडवी फेरी म्हणजे त्याच इयत्तेचे गणित, विज्ञान, भाषा शेजारी ठेवणे. ही फेरी जवळजवळ कोणीच घेत नाही, कारण विषय समित्या वेगवेगळ्या बसतात. दोन जागा हमखास तपासा. पहिली, इसवी सनापूर्वीचा काळ. आताच्या क्रमात कालगणना पाचवीच्या इतिहासात आहे आणि ऋण संख्या सहावीच्या गणितात. मुलाला इ.स.पू. ५० ते इ.स. ५० किती वर्षे, असे विचारले की ते १०० सांगते. मध्ये शून्य वर्ष नाही, म्हणून उत्तर ९९. ही गोष्ट ऋण संख्यांआधी समजावणे अवघड. म्हणून पाचवीत ‘आधी-नंतर क्रम लावतात’ एवढेच ठेवा आणि वर्षांची वजाबाकी सहावीत न्या. दुसरी जागा, नकाशाचे प्रमाण. गुणोत्तर-प्रमाण सहावीच्या गणितात येते. पाचवीच्या मसुद्यात ‘१:५०,००० हे प्रमाण वापरून अंतर काढतात’ असे असेल तर ते चालणार नाही. त्याऐवजी ‘नकाशावरील रेषाप्रमाण व दोरा वापरून दोन ठिकाणांमधले अंतर मोजतात’ असे सुचवा. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर हे पट्टीवर बोट ठेवून पाचवीतल्या मुलाला कळते.

निष्पत्ती पुन्हा लिहिताना : नाशिकची पाच उदाहरणे

राज्याच्या अभ्यासक्रमात ‘नाशिक’ घाला, असे सुचवू नका. छत्तीस जिल्हे तेच सांगतात. निष्पत्ती सगळ्या राज्याला लागू राहील अशी लिहा आणि उदाहरणाच्या रकान्यात आपला आशय द्या. हे साधले की मसुदा करणाऱ्यालाही तो उचलायला सोपा जातो.

पहिले, साधने. मसुद्यात बहुधा असे वाक्य असते : ‘प्राचीन काळातील लेण्यांचे महत्त्व समजते.’ त्याऐवजी असे सुचवा : ‘एकाच घटनेविषयीची दोन वेगळ्या प्रकारची साधने वाचून, ती कोणी, केव्हा, कशासाठी केली ते सांगतात आणि ती कुठे जुळतात ते दाखवतात.’ उदाहरणाला नाशिकची त्रिरश्मी, म्हणजे पांडवलेणी. तिथल्या २४ लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिने आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी सांगितली आहे, आणि लेख कोरला गेला तो नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी. आईने, मुलाच्या मागे, दान देताना लिहिलेला हा मजकूर. गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपान राजाच्या शक घराण्याचा, नाश केला असे तो सांगतो. आता दुसरे साधन घ्या : सिन्नर तालुक्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेला चांदीच्या नाण्यांचा साठा. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात नहपानाची, आणि त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. आईचे बोल आणि नाण्यावरचा ठसा एकमेकांना दुजोरा देतात. जवळच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे दानाचे लेख आहेत, म्हणजे हरलेल्या बाजूचा आवाजही त्याच डोंगरात ऐकू येतो. सहावीच्या मुलाला ‘साधनाची विश्वसनीयता’ शिकवायला याहून चांगला पाठ महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. तासिका लागतात चार : एक लेखाचे सोपे भाषांतर वाचायला, एक नाण्यांची चित्रे पाहायला, एक तुलनेला, एक लिहायला. सहल असेल तर ती यात धरू नका.

दुसरे, सामाजिक चळवळ. ‘काळाराम मंदिर सत्याग्रहाचे महत्त्व सांगतो’ या वाक्याने मुले तारीख आणि नाव पाठ करतात. सत्याग्रह २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, पुढे काही वर्षे चालला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो नाशिकमध्ये लावून धरला. सुचवायचे वाक्य असे : ‘हक्कांसाठीच्या एका चळवळीतली मागणी, मार्ग, विरोध आणि निष्पन्न वेगवेगळे सांगतात व त्यांचा संविधानातील तरतुदीशी संबंध जोडतात.’ उदाहरणाच्या रकान्यात कालरेषा द्या : महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७, काळाराम २ मार्च १९३०, येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५, संविधानाचे अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७. इथे ‘निष्पन्न’ हा शब्द मुद्दाम ठेवा. सत्याग्रहाने त्या वेळी मंदिराचे दार उघडले नाही. पुस्तके ही गोष्ट घाईघाईने उरकतात. मागणी मान्य न झालेली चळवळही इतिहास घडवते, हे आठवीच्या मुलाने लिहून दाखवले तर निष्पत्ती साधली.

तिसरे, भूगोल. ‘महाराष्ट्रातील पर्जन्याचे वितरण सांगतो’ हे वाक्य राज्याच्या नकाशावर पाठ होते. जिल्ह्यातच ते पाहता येते. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला येवल्यात त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते. पेठ-सुरगाण्याकडून नार, पार, दमणगंगा पश्चिमेला अरबी समुद्राकडे जातात. वाक्य असे हवे : ‘दोन ठिकाणांच्या मासिक पर्जन्याच्या आकडेवारीवरून स्तंभालेख काढतात आणि फरकाचे कारण उठावाच्या (जमिनीच्या उंचसखलपणाच्या) नकाशावरून दाखवतात.’ इथे होणारी चूक म्हणजे स्तंभालेखाचे दोन वेगळे मापक. एका आलेखात एक सेंटिमीटर म्हणजे १०० मिलिमीटर आणि दुसऱ्यात २०, मग येवला इगतपुरीएवढाच ओला दिसतो. ‘एकच मापक वापरून’ हे तीन शब्द कमी वाटतात, पण ते निष्पत्तीतच घाला.

चौथे, नागरिकशास्त्र. हे वाक्य सर्वाधिक वेळा चुकते. ‘ग्रामपंचायतीची कामे सांगतो’ असे मसुद्यात आले की देवळालीतल्या मुलाला ते लागू होत नाही, कारण तिथे छावणी मंडळ (कॅन्टोन्मेंट बोर्ड) आहे. नाशिक आणि मालेगावला महापालिका, सिन्नरला नगरपरिषद. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, दिंडोरी, इगतपुरी, बागलाणचे काही भागही. तिथे १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा लागू असल्याने पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. म्हणून वाक्य असे लिहा : ‘आपल्या वस्तीचा कारभार कोणती स्थानिक संस्था चालवते ते ओळखतात आणि तिच्या एका निर्णयाचा मागोवा घेतात.’ ‘एका निर्णयाचा’ म्हणजे नळ, रस्ता, दिवा, काहीही. त्याने सगळ्या शाळा एकाच निष्पत्तीत बसतात.

पाचवे, अर्थव्यवहार, आणि ते थोडक्यात. लासलगाव बाजार समितीचे कांद्याचे भाव किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकड्यांत, क्विंटलमागे निघतात. ‘एका शेतमालाचे आठवडाभराचे भाव नोंदवून चढउताराची दोन संभाव्य कारणे सांगतात’ ही निष्पत्ती सातवी-आठवीला दोन तासिकांत होते. मुलांना ‘सरासरी’ आणि ‘सर्वसाधारण’ (बहुतेक माल विकला गेला तो भाव) एकच वाटतात, तेवढे सांभाळा.

वादाच्या जागा

मे २०२४ मध्ये राज्याच्या आराखड्याचा मसुदा अभिप्रायासाठी खुला झाला तेव्हा बाहेरची सगळी चर्चा मनुस्मृतीतल्या एका श्लोकाभोवती फिरली. त्या आक्षेपाला जागा होतीच. पण त्या गदारोळात त्याच मसुद्यातल्या शेकडो निष्पत्ती किती जणांनी वाचल्या असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. वादाचा मुद्दा असेल तर तो स्वतंत्र पानावर लिहा, तक्त्यात मिसळू नका. एका मुद्द्यामुळे बाकीचे सगळे बाजूला पडतात.

असा मुद्दा लिहिताना तीन गोष्टी पाळा. मसुद्यातले वाक्य जसेच्या तसे उतरवा, आपल्या शब्दांत सांगू नका. आक्षेप संविधानाच्या कलमाशी किंवा २९(२) शी जोडा. पर्यायी मजकूर द्या. व्यक्तींची नावे घालण्या-काढण्यावरून गटात भांडण लागले तर नावे निष्पत्तीतून काढून उदाहरणाच्या रकान्यात न्या. निष्पत्ती कौशल्याची राहते आणि नावे पुस्तक लिहिताना ठरतात. गटात दोन मते उरलीच तर दोन्ही लिहा, कोणी कोणते मांडले हे न लिहिता.

पाठवण्याआधी वर्गात एक तासिका

दुरुस्त केलेल्या निष्पत्तींपैकी तीन निवडा. प्रत्येकीवर एकच प्रश्न काढा. नाशिक शहरातली एक शाळा आणि पाड्यावरची एक अशा दोन ठिकाणी वर्ग घ्या आणि प्रत्येक ठिकाणची दहा उत्तरे गोळा करा. नावे झाका. दोन शिक्षकांनी एकमेकांशी न बोलता ती तपासायची : साधले, अंशतः, नाही. दहापैकी तीनहून जास्त उत्तरांवर दोघांचा निकाल वेगळा आला तर दोष मुलांचा नाही, वाक्याचा. बहुतेक वेळा दोष ‘योग्य’, ‘विविध’, ‘आवश्यक’ अशा विशेषणांत असतो. ‘विविध साधने’ म्हणजे किती? ‘किमान दोन’ लिहा, निकाल जुळतो. एका ठिकाणची सगळी मुले अडली आणि दुसऱ्या ठिकाणची सुटली तर आशय परका आहे की भाषा, ते पाहा. कोकणा (आदिवासी कोकणी) किंवा वारली बोलणाऱ्या मुलाने तोंडी बरोबर सांगितले असेल तर अडचण लेखनाची आहे. तिथे ‘तोंडी किंवा लेखी’ हे शब्द निष्पत्तीत घालण्याची सूचना करा.

पाठवणे

मुद्दे बारा ते पंधराच ठेवा. पन्नास पाठवले तर वाचणारा पहिले पाच वाचतो, आणि ते कोणते असतील हे तुमच्या हातात राहत नाही. वजनदार मुद्दा पहिला, शुद्धलेखनाच्या चुका शेवटी एकाच ओळीत. प्रत्येक मुद्द्याचा साचा एकच :

पान व क्रमांक. सध्याचा मजकूर. प्रस्तावित मजकूर. कारण, एका वाक्यात. तासिका : अधिक किती, उणे किती. आधार : वर्गातली चाचणी, कलम किंवा दुसऱ्या विषयाची इयत्ता.

संकेतस्थळावर फॉर्म असेल तर मजकूर आधी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये तयार ठेवा. फॉर्म मध्येच बंद पडतो आणि अक्षरांची मर्यादा भरली की वाक्य अर्ध्यात तुटते. म्हणून प्रस्तावित मजकूर कारणाच्या आधी लिहावा. तुटलेच तर कारण तुटेल. जमा झाल्याची पावती किंवा पडद्याचे छायाचित्र ठेवा. शेवटच्या दिवसावर विसंबू नका. त्या दिवशी संकेतस्थळ सगळ्यांचेच रखडते. तोच तक्ता सह्यांनिशी स्पीड पोस्टाने पुण्याला पाठवा आणि एक प्रत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला, म्हणजे नाशिकच्या डायटला द्या. जिल्ह्याचे एकत्रित म्हणणे मागवले गेले तर तयार कागद तिथे पडलेला असतो. गटाचा अभिप्राय गेला म्हणून शिक्षकांनी आपला वेगळा पाठवू नये असे नाही. मात्र एकच मजकूर चाळीस नावांनी पाठवू नका. तो चाळीस नव्हे, एकच धरला जाण्याची शक्यता मोठी.

मुदत महिन्याची असेल तर पहिला आठवडा तक्त्याला, दुसरा तासिका आणि दोन्ही फेऱ्यांना, तिसरा लेखनाला व वर्गातल्या चाचणीला, आणि चौथ्याचे पहिले तीन दिवस पाठवायला. मुदत दहाच दिवसांची मिळाली तर सगळे करू नका. एकच इयत्ता घ्या, शक्यतो सहावी, कारण तिथे परिसर अभ्यास सुटून विषय वेगळे होतात आणि सांधा तिथेच निखळतो.

अंतिम कागद आल्यावर

तक्ता फेकू नका. अंतिम अभ्यासक्रम आला की शेराच्या रकान्यापुढे आणखी एक रकाना काढा : स्वीकारले, अंशतः, नाही. स्वीकारलेली वाक्ये लगेच वार्षिक नियोजनात उतरवा. न स्वीकारलेल्या एखाद्या महत्त्वाच्या मुद्द्याचे काय झाले हे जाणून घ्यायचे असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. दहा रुपये शुल्क, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘का स्वीकारले नाही?’ असे विचारू नका. माहितीच्या अधिकारात कारणमीमांसा मिळत नाही, कागद मिळतो. ‘सामाजिक शास्त्राच्या मसुद्यावर आलेल्या अभिप्रायांचे संकलन आणि त्यावरील समितीच्या बैठकीचे इतिवृत्त यांची प्रत द्यावी’ असे लिहा.